आडवी बाटली आणि मिसरीची डबी

गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक मला अजून लग्नकार्याला बोलावतात आणि ते बंद व्हावं असं मला वाटत नाही. कारेगावच्या कारखान्यांपासून आत तीन किलोमीटरवर ते आहे, एवढं पुरे. तिथल्या आरोग्य उपकेंद्रात मी नऊ वर्षं नर्स होते. माझं नाव निलोफर. माहेर दौंडचं, वडील रेल्वेत होते. गावाने पहिल्याच आठवड्यात माझी 'निलूबाई' केली, आणि नंतर कुणी अनोळखी माणसाने निलोफर शेख कुठं भेटतील असं विचारलं, तर अशी कुणी गावात नाही म्हणून लोक त्याला परत पाठवायचे.

सारजाबाई मला पहिल्यांदा भेटल्या त्या तपासून घ्यायला नाही, मला तपासायला. २००१ सालची गोष्ट. उपकेंद्राच्या पायरीवर उभ्या राहून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. लग्न झालंय का, सुई टोचताना हात हलका आहे का, रात्री-अपरात्री बाळंतपणाला येणार का, एवढं विचारून घेतलं. मग स्वतःच गावात सांगितलं की पोरगी बरी आहे. त्यानंतर बायका यायला लागल्या. सारजाबाईंनी सांगितलं नसतं तर मी गोळ्यांचे डबे मोजत बसले असते.

पन्नाशीच्या बाई. उंच, काटक, आवाज असा की वेशीवर बोलल्या तर शाळेत ऐकू जावं. गावात कुणाचं भांडण मिटवायचं असलं, कुणाच्या सुनेला माहेरी पाठवायचं असलं, की त्यांना बोलावणं जायचं. सगळे मावशी म्हणायचे, मीही म्हणायला लागले. मात्र सकाळी सातच्या आत त्यांच्याकडे कुणी जायचं नाही. त्या वेळी त्या मागच्या दारी दगडावर बसून मिसरी लावत असायच्या.

तंबाखूची पानं तव्यावर पार काळी होईतो भाजायची, कुटायची, फडक्यातून गाळायची. ती काळी भुकटी बोटावर घेऊन दातांवर, हिरड्यांवर घासायची. आमच्या भागात घराघरात बायका हेच करतात. दौंडला माझी अम्मीसुद्धा करायची. सारजाबाईंचं सकाळी व्हायचं, न्याहारीनंतर व्हायचं, दुपारी, चारला, दिवेलागणीला आणि निजताना. डबी कायम कमरेला खोचलेली. उजव्या हाताचं पहिलं बोट पेरापर्यंत काळं. याला तंबाखूचं व्यसन म्हटलेलं त्यांना खपत नसे. तंबाखू खाणाऱ्या बायकांना त्या स्वतः नावं ठेवायच्या. खाणाऱ्या खातात, आपण तर दात घासतो, असा त्यांचा हिशोब होता. एक गोष्ट खरी, मिसरी लावल्याशिवाय त्यांचं पोट साफ होत नसे, डोकं दुखे आणि समोर येईल त्याच्यावर त्या खेकसत. लावली की दहा मिनिटांत माणूस बदलून जायचा. घरात कुणाला काही मागायचं असलं तर बेत मिसरीनंतरचा असायचा.

त्यांचे मालक आनंदराव दारू प्यायचे. गावात सरकारमान्य देशीचं दुकान होतं, बसथांब्याला लागून. आनंदराव मुळात अबोल, भिडस्त माणूस. पहिल्या पाव बाटलीला ते बोलके व्हायचे, दुसरीला रडायचे, तिसरीला त्यांना कुठं जायचं होतं ते विसरायचे. बायकोवर हात त्यांनी कधी टाकला नाही. टाकला असता तर काय झालं असतं ते गावाला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. पण बत्तीस वर्षं त्या बाईने रोज संध्याकाळी कुठून तरी माणूस उचलून घरी आणला होता.

शाळेसाठी आनंदरावांच्या वडिलांनी जागा दिली होती. म्हणून २००८ च्या पंधरा ऑगस्टला सरपंच बाळासोंनी ठरवलं की शाळेचा झेंडा या वर्षी आनंदरावांच्या हातून फडकवायचा. सगळं गाव जमलं. पोरं रांगेत उभी होती. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, दाढी केलेले आनंदराव पुढे आले आणि त्यांनी दोरी धरली. दोरी हातात ठरेना. हात असा थरथरत होता की गुरुजींनी जवळ जाऊन मदत करायची का विचारलं. आनंदरावांनी मान हलवली आणि ओढलं. झेंडा अर्ध्यावर गेला आणि दोरी हातातून सुटली. पोरं हसली. पोरं हसली म्हणून मोठी माणसंही हसली. कुणीतरी म्हणालं की आज सकाळी सकाळीच झाली वाटतं. सारजाबाई बायकांत उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्या तिथून निघून गेल्या.

तासाभराने आनंदराव उपकेंद्रात आले आणि बाकावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले,

"बाई, आज मी घेतली न्हवती. झेंड्याला शिवायचं म्हणून परवा रातच्यापास्नं एक थेंब घेतला न्हवता."

त्यांच्या तोंडाला खरंच वास नव्हता. नाडी पळत होती, अंगाला घाम होता. मी त्यांना समजावून सांगितलं. रोजच्या दारूने मेंदू मंदावतो, म्हणून मेंदू स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. दारू एकदम बंद केली की दाबणारं जातं आणि वाढलेला वेग तसाच राहतो. मग हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते, कुणाकुणाला झटके येतात. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं एकदम सोडायचं नसतं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी पिऊन गेलो असतो तर झेंडा नीट चढला असता?"

नर्सिंगच्या परीक्षेत मला पासष्ट टक्के होते. हा प्रश्न त्या पेपरात नव्हता. मी त्यांना औषधासाठी शिरूरला जायची चिठ्ठी लिहून दिली. ती त्यांनी टोपीत ठेवली आणि ते दुकानाकडे गेले.

सारजाबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा निष्कर्ष वेगळा निघाला. न पिता हा माणूस उभा राहू शकत नाही आणि पिऊनही उभा राहू शकत नाही, तेव्हा आता दुकानच उभं राहता कामा नये. त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं की गावातल्या बायकांनी मतदान करून दुकान बंद करता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या एकूण बाई-मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप.

त्याच आठवड्यात त्यांनी मला देवळाच्या सभामंडपात बायकांपुढे बोलायला लावलं. माझ्याकडे सरकारी तक्ता होता. त्यावर मेंदू, काळीज, जठर रंगवलेलं होतं आणि कोपऱ्यात एक रडणारं कुटुंब होतं. मी माझ्या पद्धतीने बोलले, बायका जांभया द्यायला लागल्या. मग सारजाबाईंनी तक्ता माझ्या हातातून घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मी बोललेलं एकदा ऐकून त्यांच्या डोक्यात बसलं होतं. मेंदूच्या पुढच्या भागावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हितं माणसाची लाज ऱ्हाती. दारू आदी हितं जाती आन् लाजंला झोपवती. मग मागल्या खोलीतलं जनावर भाईर येतं." जांभया थांबल्या. मी शिकले त्या कुठल्याही पुस्तकात हे इतकं सोपं करून सांगितलेलं नव्हतं.

पुढचे तीन महिने दर सोमवारी दुपारी ही सभा भरायची. दारूने गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाचा मेंदू कसा खुरटतो, पोरं मंद आणि चिडकी कशी निपजतात, हे सारजाबाई तळमळून सांगायच्या. सांगून झालं की कमरेची डबी काढायच्या, चिमूट घ्यायच्या आणि डबी शेजारणीकडे द्यायच्या. ती तिच्या शेजारणीकडे. नशेच्या विरोधात हात वर करून शपथ घेतली गेली तेव्हा निम्म्या बायकांचं एक बोट काळं होतं. मी भिंतीला टेकून बसलेली असायचे. मिसरीतलं निकोटिन रक्तात जातं, नाळेतून बाळाकडे जातं, एवढं मला ठाऊक होतं. पण तक्त्यावर मिसरीचं चित्र नव्हतं. आणि मी ते बोलले असते तर पुढच्या सोमवारी सभामंडपात मी आणि देव दोघंच उरलो असतो.

बाळासो सरपंच सुरुवातीला म्हणत होते की दुकान बंद झालं तर लोक हातभट्टीची पितील, मरतील, त्याचं पाप कुणाच्या माथी. मतदान मागणाऱ्या बायकांच्या सह्या पुरेशा झाल्याचं कळल्यावर म्हणायला लागले की ही कल्पना मुळात त्यांचीच होती. एक्साईजचे साहेब येऊन सह्यांची खातरजमा करून गेले. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मतदान ठरलं.

याच दिवसांत सारजाबाईंची सून अपेक्षा गरोदर होती. मुलगा इंद्रजीत रांजणगावला कारखान्यात शिफ्टवर असायचा. अपेक्षा तळेगाव ढमढेऱ्याची, बारावी शिकलेली, हसरी मुलगी. लग्नानंतर पहिली दोन वर्षं ती ब्रशनेच दात घासायची आणि सासू त्यावरून तिला चिडवायची. डिसेंबरमध्ये ती तपासणीला आली तेव्हा वजन महिन्याभरात अर्धा किलोही वाढलेलं नव्हतं. डोळे पाहिले, जीभ पाहिली, आणि हिरडीच्या कडेला काळी रेघ दिसली.

मी विचारलं. ती म्हणाली, तिसऱ्या महिन्यात उलट्या थांबत नव्हत्या. पाणीसुद्धा टिकत नव्हतं. सासूने मायेने मांडीवर डोकं घेऊन थोडी मिसरी हिरडीला लावली, मळमळ थांबली. दुसऱ्या दिवशी परत. आता उलट्या थांबून तीन महिने झाले होते, पण मिसरी थांबत नव्हती. नाही लावली तर जीव घाबरा व्हायचा. दिवसातून चार वेळा. मी तिला सांगितलं की हे बंद कर, बाळाला पोचतंय. तिने मान खाली घातली.

"ताई, आत्यांनी मायेनं दिलीया. तुम्हीच त्यांना सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटंल मी शिकल्याची मिजास करते."

आत्या म्हणजे सासू. मी म्हणाले, सांगते. आणि मी सांगितलं नाही. मतदानाला पाच आठवडे राहिले होते. सारजाबाई पहाटेपासून वस्त्या फिरत होत्या. दुकानवाल्याची माणसं त्यांच्याबद्दल वाट्टेल ते बोलत होती. अशा वेळी त्यांच्याच घरात तंबाखू पोटातल्या लेकराला जातोय हे बाहेर पडलं असतं तर सगळं ओमफस झालं असतं. मतदान होऊ दे, मग बोलू, असं मी ठरवलं. मोठ्या कामासाठी छोटी गोष्ट मागे ठेवली, असं मी स्वतःला समजावलं. ती छोटी गोष्ट तेव्हा सहा महिन्यांची होती.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर रांग लागली. म्हाताऱ्या बायकांना पाठीवर घेऊन त्यांचे नातू आले. पहिल्या मताचा मान सारजाबाईंचा. सरकारी माणूस बोटाला शाई लावायला गेला. गडबडीत त्यांनी त्याच्यापुढे उजवाच हात केला. त्या काळ्या बोटाकडे बघून त्याने विचारलं की तुमचं मत आधीच झालंय का. बायका हसल्या, सारजाबाईही हसल्या आणि त्यांनी डावा हात पुढे केला. सहाशे बारा बायकांपैकी तीनशे सात हव्या होत्या, आडव्या बाटलीला तीनशे एक्केचाळीस पडली. संध्याकाळी सारजाबाईंची गुलाल उधळत मिरवणूक निघाली. आनंदराव मिरवणुकीत सर्वांत पुढे होते. दुकानाला सील लागायला अजून चार दिवस होते.

फेब्रुवारीत शिरूरला एका संस्थेने त्यांचा सत्कार ठेवला. व्यसनमुक्त गाव घडवणाऱ्या रणरागिणी, असं मानपत्रात लिहिलं होतं. मी सोबत गेले होते. आज सांगायचंच असं ठरवून गेले होते. प्रमुख पाहुण्यांना दोन तास उशीर झाला. ते आले, व्यासपीठावर बसले, आणि भाषणाला नाव पुकारल्यावर आधी पडद्याआड जाऊन तोंडातला गुटखा थुंकून आले. सारजाबाईंचं नाव पुकारलं तेव्हा त्या जागेवर नव्हत्या. मी शोधत गेले तर मंडपामागच्या नळाजवळ बसल्या होत्या, बोट तोंडात. मला पाहून त्यांनी हातानेच थांब म्हटलं, चूळ भरली, पदर नीट केला आणि जाऊन असं भाषण केलं की बायका रडल्या. त्या दिवशीही मी काही बोलले नाही. शाल पांघरलेल्या बाईला मिसरीबद्दल काय बोलायचं.

मार्चच्या शेवटी अपेक्षा शिरूरला बाळंत झाली. मुलगी. एक किलो नऊशे ग्रॅम. दिवस जवळजवळ भरले होते, पण पोर एवढीशीच. पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी ती थरथरायला लागली. हनुवटी कापायची, हात कापायचे. जरा आवाज झाला की दचकायची आणि एकदा रडायला लागली की कशाने थांबायची नाही. दूध ओढायची आणि सोडून द्यायची. डॉक्टरबाईंनी रक्तातली साखर पाहिली, कॅल्शियम पाहिलं, सगळं ठीक होतं. मग त्यांनी अपेक्षाला विचारलं की गरोदरपणात काही घेत होतीस का. अपेक्षाने सासूकडे पाहिलं आणि नजर वळवली. मिसरी, असं तिने हळू आवाजात सांगितलं. डॉक्टरबाईंनी ते कागदावर लिहिलं, बाळाला छातीशी धरून ठेवा म्हणाल्या, आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा सारजाबाई बाळाला घेऊन खिडकीशी बसल्या होत्या. मला म्हणाल्या,

"निलू, ही अशी का कापतीया? ह्यांचा हात कापतो तशी."

"मावशी, तिला पोटात असताना रोज जे मिळत होतं ते परवापासून मिळायचं बंद झालं. तेच असेल."

"काय मिळत हुतं?"

माझी नजर त्यांच्या कमरेकडे गेली आणि त्यांनी ती पाहिली.

बराच वेळ त्या बाळाच्या हनुवटीवर आपलं बोट धरून बसल्या, थरथर थांबावी म्हणून. मग म्हणाल्या, "तक्त्यावर तर न्हवतं."

"तक्त्यावर नव्हतं. पण मला माहीत होतं."

"कवापास्नं?"

"शिकत होते तेव्हापासून."

"मग बोलली का न्हाईस?"

"मतदान होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता आवाज चढेल. तो चढला नाही. "मी अडाणी हाय," त्या म्हणाल्या. "तू शिकल्याली." एवढंच. नऊ वर्षांच्या नोकरीत मला दोनदा मेमो मिळाला, त्यातला एकही मला आज आठवत नाही.

मग मी सगळं सांगितलं. निकोटिनने नाळेतल्या रक्तवाहिन्या आवळतात, बाळाला कमी पोचतं, वजन कमी राहतं. पोटातल्या मेंदूची जोडणी चालू असताना ते मधे घुसतं आणि जोडणीत फरक पडू शकतो. अशी पोरं पुढे चिडकी निघू शकतात, त्यांचं एका जागी लक्ष लागत नाही. हेही सांगितलं की सगळं मिसरीमुळेच झालं असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. उलट्या होत्या, अंगात रक्त कमी होतं. त्यांनी शेवटचा भाग ऐकलाच नाही. दारूबद्दल पाठ केलेलं एक-एक वाक्य त्या स्वतःशी पुटपुटत होत्या, फक्त दारूच्या जागी त्यांना आता दुसरा शब्द घालायचा होता.

थरथर आठवड्यात कमी झाली आणि सगळे घरी आले. अपेक्षाने अंगावर पाजायचं म्हणून मिसरी सोडली. तिची सवय काही महिन्यांची होती, पंधरा दिवसांत सुटली. सारजाबाईंनीही त्याच दिवशी सोडली. त्यांची चाळीस वर्षांची होती.

पहिल्या दिवशी त्या नुसत्या गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दूधवाल्याला, इंद्रजीतला आणि रस्त्याने जाणाऱ्या बाळासो सरपंचांना एकाच दमात शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी डोकं बांधून पडल्या, पोट फुगलं, झोप नाही. तांब्या पायात आला म्हणून भिंतीवर भिरकावला. घरातले सगळे परसात बसून होते. बाळसुद्धा आजीपेक्षा कमी रडत होतं. मी इसबगोल घेऊन गेले तर मला बाहेर काढलं.

डबी त्यांनी फेकली नव्हती. ती आनंदरावांकडे दिली होती, लपवून ठेवा म्हणून. घरात लपवण्याचा अनुभव असलेला तोच एक माणूस होता. त्यांच्या बाटल्या ठेवायच्या सगळ्या जागा बत्तीस वर्षांत सारजाबाईंनी शोधून काढल्या होत्या, तरी एक जागा राहिली होती हे त्या दिवशी कळलं. चौथ्या दिवशी सकाळपासून त्यांनी कडब्याची गंज उपसली, वळचण पाहिली, गोठ्याचा माळा पाहिला. डबी सापडली नाही. मी पोचले तेव्हा त्या गोठ्याच्या दारात बसल्या होत्या, घामाघूम, हात मांडीवर दाबून धरलेले. शेजारी आनंदराव उकिडवे बसले होते.

ते बायकोला सांगत होते, "चवथा दिस लई वंगाळ असतोय. आजचा दिस काड. उद्या जरा हलकं वाटंल."

"तुमाला काय ठावं?"

"मी चवथ्या दिसापातुर लई येळा गेलोय."

सारजाबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. कधी, असं त्यांनी विचारलं नाही. नंतर बहुधा त्यांना एक-एक आठवलं असेल. इंद्रजीतच्या बारशाच्या वेळी, थोरल्या नणंदेच्या लग्नात, मागच्या ऑगस्टात. तो माणूस तापाने फणफणलाय, कामचुकारपणा करतोय, उगाच तिरसटतोय असं त्यांना वाटलं, ते दिवस. त्या उठून आत गेल्या आणि थोड्या वेळाने दोन कप चहा घेऊन आल्या. त्यातला एकही माझ्यासाठी नव्हता. दोघं गोठ्याच्या दारात बसून चहा प्यायले. मी इसबगोलचं पाकीट उंबऱ्यावर ठेवून परत आले.

पाचवा दिवस खरंच हलका गेला. पुढे दोनदा त्या घसरल्या. एकदा भावकीतल्या मयताला, एकदा नुसत्याच. पण दिवाळीपर्यंत बोटाचा रंग परत आला होता. आनंदराव काही सुधारले नाहीत. गावात दुकान नाही म्हणून ते जीपने कारेगावला जायचे. मात्र परतीची जीप साडेसातला सुटायची, त्यामुळे तीनऐवजी एकच व्हायची. हा गावाच्या दारूबंदीचा सर्वांत खात्रीलायक परिणाम. शिरूरला औषधासाठीही ते अखेर गेले, सारजाबाईंनी टोपीतली जुनी चिठ्ठी काढून सोबत नेलं तेव्हा. त्यानंतर मधे काही आठवडे कोरडे जायचे, मग पुन्हा जीप. पण कोरड्या आठवड्यात घरात कुणी त्यांना तिरसट म्हणत नसे.

नातीचं नाव शर्वरी ठेवलं. ती चालायला दोन महिने उशिरा लागली, आणि हातात येईल ते फेकते. हे मिसरीमुळे की आजीवर गेली म्हणून, ते कुठलीच तपासणी सांगू शकणार नाही.

दुकान बंद झालेल्या माणसाने त्याच गाळ्यात किराणा टाकला. पहिल्या महिन्यापासून चालला. दारात तंबाखूच्या पानांच्या जुड्या टांगलेल्या असायच्या आणि बायकांची गर्दी. मी एकदा साबण घ्यायला गेले तर मला म्हणाला, "बाई, मतदान केलं ते ब्येस झालं. पैलं पोलिसांचा ताप, गिऱ्हाईक उधार. आता लक्ष्म्या येत्यात, रोखीनं."

सारजाबाईंनी डिसेंबरात मिसरीवर सभा बोलावली. तोच सभामंडप, तीच सोमवारची दुपार. तक्त्याच्या कोपऱ्यात, रडणाऱ्या कुटुंबाच्या शेजारी, मी खडूने एक डबी काढली होती. बाटलीच्या सभेला दीडशे बायका यायच्या. या सभेला मी धरून सहा जणी होतो. बाकीच्यांनी निरोप पाठवला की दारूनं नवरा मारतो, मिसरी कुणाला मारते, आणि मावशीला सत्काराची चटक लागली. चावडीवर पुरुष म्हणत होते की आता उभी डबी, आडवी डबी असं मतदान घ्या, आम्ही येतो शिक्का मारायला.

सारजाबाई सहाजणींपुढे उभ्या राहिल्या. या वेळी आवाज लावला नाही. मेंदूवर बोट ठेवलं नाही. आपण सुनेला काय दिलं, मायेने कसं दिलं आणि तीन दिवसांचं पोर कसं कापत होतं, एवढं सांगितलं. मग म्हणाल्या, "मला आजून बी दर दिसा आठवण येती. तुमाला खोटं सांगत न्हाई." आणि खाली बसल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाटलीच्या सभेला न चुकता येणाऱ्या साखरबाईंची सून उपकेंद्रात आली. पाचवा महिना. आदल्या दिवशीच्या सहाजणींत ती शेवटच्या खांबाला टेकून बसली होती. तिने डबी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली की सासू ओरडेल, तुम्हीच मागून घेतली असं सांगा. मी म्हणाले, सांगते.

या वेळी मी संध्याकाळपर्यंतच थांबले, आणि तेही सारजाबाई रानातून यायच्या होत्या म्हणून. आम्ही दोघी साखरबाईंच्या घरी गेलो तेव्हा त्या ओट्यावर बसून मिसरी लावत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी बोट तोंडातून न काढताच मानेने बसायची खूण केली. आम्ही चपला काढल्या आणि त्यांची चूळ भरून होईपर्यंत बसून राहिलो.